रहस्य कळल्यानंतर उरते काय? थरारपट, भयपट आणि विज्ञानपट यांविषयी एका साध्या प्रेक्षकाचे मत

अधूनमधून_पाहणारा (धागाकर्ता)

मी चित्रपटांचा अभ्यासक नाही, आणि महोत्सवाच्या रांगेत उभे राहून पोलिश किंवा इराणी चित्रपट पाहण्याची चिकाटीही माझ्यात नाही. मात्र थरारपट, भयपट आणि विज्ञानपट हे तीन प्रकार मी आवडीने पाहतो. पाहून पाहून माझे असे मत झाले आहे की या तिन्हींची खरी परीक्षा पहिल्या वेळी होत नाही, दुसऱ्या वेळी होते. पहिल्या वेळी आपल्याला उत्सुकता ओढून नेते. शेवट ठाऊक असताना चित्रपट पुन्हा लावला आणि तरीही उठावेसे वाटले नाही, तर त्यात काही दम होता असे म्हणता येते.

या कसोटीवर थरारपट सर्वांत पुढे जातो, कारण दुसऱ्यांदा पाहताना दिग्दर्शकाने आपल्या डोळ्यांदेखत काय काय पेरून ठेवले होते ते दिसू लागते. विज्ञानपट मधे कुठेतरी राहतो, आणि भयपट बहुधा नापास होतो. भुताचा चेहरा एकदा दिसला की त्या घरातली सगळी दारे निव्वळ दारे उरतात. ‘तुंबाड’ हा मला अपवाद वाटतो, कारण त्यात हस्तर या राक्षसापेक्षा नायक विनायकाच्या हावेची भीती अधिक आहे आणि हाव दिसल्यामुळे संपत नाही. २०१८ साली फारसा न चाललेला तो चित्रपट २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा त्याने पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई केली. त्या गर्दीत शेवट ठाऊक असणारेही पुष्कळ असणार.

तर प्रश्न असा आहे की रहस्य कळल्यानंतरही तुम्ही पुन्हा पाहिलेला चित्रपट कोणता, आणि तो पुन्हा का पाहिलात? प्रतिसादांत रहस्यभेद होणारच, त्यामुळे ज्यांना तो नको असेल त्यांनी जपून वाचावे.

पिटातला

आमच्याकडे सौभाग्यवती शेजारी बसून मध्यंतराच्या आधीच खुनी सांगून मोकळ्या होतात. त्यामुळे मी प्रत्येक चित्रपट पहिल्यांदाच दुसऱ्यांदा पाहतो.

मांडवीतीर

माझे उत्तर निशिकांत कामत यांचा ‘दृश्यम’ (२०१५) हे आहे. मी गोव्याची असल्यामुळे पक्षपात होत असेल, तर तो मान्य आहे. या चित्रपटात खून कोणी केला, कसा केला, हे आपल्याला सुरुवातीलाच दाखवले जाते, म्हणजे नेहमीचे रहस्य दिग्दर्शक स्वतःच उघड करून टाकतो. मग पाहायचे काय उरते? एक चौथी नापास केबलवाला बायकोला आणि दोन मुलींना खोटे बोलायला शिकवतो, ते उरते. ते कुटुंब खुनाच्या दिवशी, म्हणजे २ ऑक्टोबरला, पणजीच्या सत्संगाला मुळी गेलेलेच नसते. ते दोन दिवस उशिरा जाते आणि नंतर वाहक, हॉटेलवाला, चित्रपटगृहातला माणूस अशा एकेकाच्या डोक्यात २ तारीख हळूच बसवून देते. ही युक्ती कळल्यावर मी चित्रपट पुन्हा लावला तो केवळ त्या साक्षीदारांचे चेहरे पाहण्यासाठी. ते सगळे मनापासून खरे बोलत असतात, आणि गंमत तिथेच आहे.

आणखी एक गोष्ट धागाकर्त्यांना आवडावी. त्या नायकाचे सगळे शहाणपण रात्री कचेरीत बसून पाहिलेल्या चित्रपटांतून आलेले आहे. आपल्यासारख्या साध्या प्रेक्षकाचा एवढा सन्मान दुसऱ्या कुठल्या चित्रपटाने केल्याचे मला आठवत नाही. फक्त धाकट्या मुलीला मारहाण होते तो भाग मी दुसऱ्या वेळी पुढे ढकलला. ते मला बघवले नाही.

निशाचर

धागाकर्त्यांनी भयपटांना सरसकट नापास केले आहे, याला माझा ठाम विरोध आहे. नापास होतो तो समजावून सांगणारा भयपट. भूत कोणाचे, त्याच्यावर अन्याय कधी झाला, त्याची अस्थिविसर्जनाची काय मागणी आहे, हे सर्व शेवटच्या वीस मिनिटांत एखाद्या म्हाताऱ्या नोकराच्या तोंडून वदवून घेतले की भीतीचा पंचनामा होतो. हा दोष लेखकाचा आहे, भयपट या प्रकाराचा नाही.

‘जॉज’ (१९७५) पाहा. त्यातला यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात सारखा बिघडत होता, म्हणून दिग्दर्शक स्पीलबर्ग यांना तो फारसा दाखवता आला नाही. त्याच्या जागी पाण्यावर ओढली जाणारी पिवळी पिंपे आली आणि दोन स्वरांचे ते संगीत आले. यंत्र नीट चालले असते तर चित्रपट कदाचित इतका टिकला नसता. दुसऱ्या वेळी पाहताना मला शार्क कुठून येणार हे ठाऊक होते, पण ती पिंपे हलली की पाय आपोआप वर घेतले गेले. तेव्हा दाखवणे कमी आणि ऐकवणे जास्त, हे पथ्य पाळणारा भयपट दुसऱ्या वेळीही घाबरवतो. ज्यांना शंका असेल त्यांनी एकदा आवाज बंद करून भयपट पाहावा आणि एकदा चित्राकडे पाठ करून ऐकावा. भीती कुठे राहते ते लगेच कळेल.

मराठीत ‘लपाछपी’ याच वाटेने जातो. पूजा सावंतची गरोदर नायिका, उषा नाईक यांची तुळसाबाई आणि भोवती सगळीकडे ऊस. रात्रीच्या अंधाराची त्याला गरजच पडत नाही.

फडकरी

निशाचर, तुम्ही उसाचा विषय काढलात म्हणून लिहितो. माझे लहानपण उसाच्या पट्ट्यात गेले आहे. तोडणीला आलेल्या उभ्या फडात शिरल्यावर चार पावलांपलीकडचे दिसत नाही. दिशा कळत नाही, हवा कोंडलेली असते आणि पात्याची धार हातावर बारीक चरे ओढत जाते. वाळलेले पाचट पायाखाली इतके वाजते की दुसरे कोणी चालते आहे की आपणच, याचा भरवसा वाटत नाही. थांबल्यावरही आवाज क्षणभर येत राहतो, कारण बाजूची पाती हळूहळू सरळ होत असतात. ‘लपाछपी’चे दिग्दर्शक विशाल फुरिया यांनी हे सर्व नेमके पकडले आहे. परदेशी भयपटांत मक्याची शेते दिसतात, तेव्हा आमच्या घरचे लोक हसतात, कारण उसापुढे मका म्हणजे मोकळे मैदान आहे.

तरीही निशाचर यांचाच नियम लावायचा, तर ‘लपाछपी’ सुद्धा शेवटाकडे बरेच समजावून सांगतो. स्त्रीभ्रूणहत्येचा विषय मोठा आहे, त्यामुळे ते क्षम्य वाटते. पण मी पुन्हा पाहिला तो पूर्वार्धच. त्याच दिग्दर्शकाने २०२१ मध्ये हिंदीत केलेला ‘छोरी’ही पाहिला. त्यातही मला कथेपेक्षा शेतच अधिक आठवते.

जुनी_तबकडी

आपल्याकडचे भूत हे बहुतेक वेळा शेवटी माणूस निघते, याची दखल या चर्चेत घ्यायला हवी. ‘महल’ १९४९ चा. मधुबाला झोपाळ्यावर बसून गाते, अशोककुमार तिच्यामागे वेडा होतो आणि अखेरीस कळते की ती माळ्याची मुलगी आहे. ‘बीस साल बाद’ (१९६२), ‘वो कौन थी’ (१९६४) हेही त्याच घराण्यातले चित्रपट. कुठे सूड, कुठे इस्टेटीवरचा डोळा, कुठे जुळ्या बहिणी. म्हणजे आम्ही ज्यांना भुताचे चित्रपट म्हणून रात्री उशांमागे लपून पाहिले, ते धागाकर्त्यांच्या वर्गीकरणात थरारपट ठरतात. मग भयपट नापास आणि थरारपट उत्तीर्ण, ही विभागणी कशी करायची?

दुसरे असे की हे चित्रपट लोकांनी पुन्हा पुन्हा पाहिले, आणि त्याचे कारण रहस्य नव्हते, गाणी होती. ‘आएगा आनेवाला’ सुरू होताना आवाज दुरून जवळ येत जातो, कारण ध्वनिमुद्रणाच्या वेळी लताबाई खोलीच्या टोकापासून गात गात मायक्रोफोनपर्यंत चालत आल्या होत्या. गूढता त्या चालण्यात आहे. ती कोणत्याही शेवटाने फुटत नाही. मराठीतला राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४) घ्या. त्याचेच पुढे हिंदीत ‘मेरा साया’ झाले. न्यायालयात उभी असलेली बाई आपली पत्नी आहे की नाही, हा त्यातला पेच एकदा सुटला की सुटला. तरीही ‘या डोळ्यांची दोन पाखरे’ साठी मी तो आजही लावते.

याउलट यश चोप्रा यांचा ‘इत्तेफाक’ (१९६९) एकाही गाण्याशिवाय उभा आहे. तो मला एकदाच पुरला.

निशाचर

जुनी_तबकडी यांचा मुद्दा बिनतोड आहे, आणि म्हणूनच रामसे बंधूंचे ऐतिहासिक महत्त्व मानले पाहिजे. त्यांनी ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ हा चित्रपट १९७० मध्ये काढला आणि तो पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भीतिदायक मुखवटा घालून चोरी करतात, त्या एका प्रसंगाला प्रेक्षक थरारतात हे या भावांनी हेरले. लगेच १९७२ मध्ये ‘दो गज जमीन के नीचे’ आला, तोही महाबळेश्वरला जाऊन तुटपुंज्या खर्चात केलेला. तिथून पुढे भूत खरोखरचे भूत निघू लागले. माळ्याची मुलगी निवृत्त झाली.

पिटातला

आणि भुताने प्रकट होण्याआधी नायिकेने आंघोळ केलीच पाहिजे, हा दंडकही तिथूनच सुरू झाला. ‘सायको’ मधल्या स्नानगृहातल्या खुनाचा दाखला देऊन तो शास्त्रोक्त ठरवता येतो.

भौतिकवाला

विज्ञानपटांविषयी अजून कोणी बोललेले नाही, म्हणून लिहितो. मी भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे माझी दुसऱ्या वेळची परीक्षा थोडी क्रूर असते. पहिल्या वेळी मी प्रेक्षक असतो, दुसऱ्या वेळी तपासनीस.

‘ग्रॅव्हिटी’ (२०१३) यात अडखळतो. त्यात हबल दुर्बिणीपासून अवकाश स्थानकापर्यंत पाठीवरच्या छोट्या यंत्राने जाता येते. प्रत्यक्षात हबलची कक्षा विषुववृत्ताशी सुमारे २८.५ अंशांनी कललेली आहे आणि स्थानकाची ५१.६ अंशांनी. चित्रपट आला तेव्हा उंचीतही शंभराहून अधिक किलोमीटरचा फरक होता. कक्षेचा कल बदलायला जो वेग लागतो, तो पाठीवरच्या डब्यात मावणारा नाही. हे एकदा डोक्यात शिरले की नायिकेची धडपड मला पोटतिडकीने पाहता येत नाही.

‘इंटरस्टेलर’ (२०१४) मात्र उत्तीर्ण होतो. किप थॉर्न यांच्यासारखा शास्त्रज्ञ सल्लागार होता, ज्यांना पुढे २०१७ मध्ये गुरुत्वीय लहरींसाठी नोबेल मिळाले. एका ग्रहावरचा एक तास म्हणजे बाहेरची सात वर्षे, ही दिग्दर्शकाची मागणी होती. कृष्णविवर जवळजवळ कमाल गतीने फिरत असेल तर ते शक्य आहे, असे थॉर्न यांनी गणिताने दाखवले. कृष्णविवराभोवतीची ती प्रकाशाची कमान खऱ्या समीकरणांवरून रेखलेली आहे. फक्त एक तडजोड केलेली आहे. कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या तप्त वायूच्या तबकडीची आपल्याकडे येणारी बाजू अधिक तेजस्वी आणि दूर जाणारी मंद दिसायला हवी. प्रेक्षक गोंधळतील म्हणून ती असमानता काढून टाकली गेली. २०१९ च्या एप्रिलमध्ये एम-८७ दीर्घिकेच्या कृष्णविवराचे पहिले चित्र प्रसिद्ध झाले. त्यात कडे एका बाजूला स्पष्टपणे अधिक उजळ आहे. ते पाहिल्यानंतर मी चित्रपट पुन्हा पाहिला आणि तो आणखी आवडला, कारण कुठे सूट घेतली आहे हे ठाऊक असणे हादेखील एक आनंद आहे.

पुस्तकांच्या कपाटामागचा शेवट मात्र मी चहा करायला उठून टाळतो.

ओसरीवरची

भौतिकवाला सर, आपल्या ज्ञानाविषयी पूर्ण आदर ठेवून म्हणते की कक्षेचा कल किती अंशांचा आहे यावरून नायिकेविषयीची कळकळ ठरवणे मला पटत नाही. ‘ग्रॅव्हिटी’ मी पुन्हा पाहिला तो लेक गमावलेल्या एका आईला जगायची इच्छा परत कशी होते ते पाहायला. ‘इंटरस्टेलर’ मध्येही मला पुन्हा बोलावतो तो तेवीस वर्षांचे निरोप एका बैठकीत पाहणारा बाप. मुलगा पडद्यावर मोठा होतो, त्याचे लग्न होते, त्याला बाळ होते, ते जाते, आणि हा नुसता खुर्चीत बसून राहतो. तिथे सात वर्षांचे गणित अचूक आहे म्हणून रडू येत नाही.

भौतिकवाला

ओसरीवरची ताई, गणित अचूक आहे म्हणून रडू येते असे माझेही म्हणणे नाही. पण तो काळ हवा तसा वाकवला असता, तर ते तेवीस वर्षे लेखकाची मर्जी ठरली असती. निसर्गाचाच नियम आड येतो, म्हणून बापाला कोणाला दोष देता येत नाही. त्या प्रसंगाची धार या नियमामुळे आहे, एवढेच मी म्हणतो.

कारखानीस_नाही

मराठीत विज्ञानपट का नाहीत, असा प्रश्न निघाला की पैसा नाही असे ठराविक उत्तर येते. ते मला पटत नाही. ‘प्रायमर’ (२००४) हा कालप्रवासावरचा अमेरिकन चित्रपट सुमारे सात हजार डॉलरमध्ये झाला. ‘कोहेरन्स’ (२०१३) तर दिग्दर्शकाच्या स्वतःच्या घरात पाच रात्रींत चित्रित झाला. आकाशातून धूमकेतू जातो आहे, आठ मित्र जेवायला जमले आहेत, वीज जाते आणि समोरच्या अंधाऱ्या रस्त्यावरचे एकच उजेडाचे घर म्हणजे आपलेच घर निघते. नटांना पूर्ण संहिता दिलेलीच नव्हती, रोज ज्याच्या त्याच्या वाट्याच्या टिपणांवर ते बोलत होते. एक दिवाणखाना आणि चांगले नट एवढेच भांडवल असेल, तर ते मराठी रंगभूमीकडे केव्हापासूनच आहे.

लेखनाचीही वाण नाही. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कृष्णविवरावरची कथा पाठवली, तीही नारायण विनायक जगताप या टोपणनावाने, आणि ती पहिली आली. म्हणजे वर भौतिकवाला ज्या विषयावर लिहीत आहेत, त्यावरची मराठी कथा ‘इंटरस्टेलर’च्या चाळीस वर्षे आधीची आहे. पडद्यावर मात्र आपण तात्या विंचूपाशीच थांबलो.

मांडवीतीर

तात्या विंचूला काही बोलायचे नाही. ‘झपाटलेला’ (१९९३) मधली रामदास पाध्ये यांची ती बाहुली हसवण्यासाठी होती हे मोठेपणी कळले. लहानपणी आमच्या घरी कपाटातल्या सगळ्या बाहुल्या भिंतीकडे तोंड करून बसवल्या जात.

मध्यंतर

आपल्याकडच्या मध्यंतराने किती थरारपटांचा गळा घोटला याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. इंग्रजी चित्रपट मध्यंतर गृहीत न धरता केलेला असतो. आपली चित्रपटगृहे तो वाक्याच्या मधोमध तोडतात आणि पॉपकॉर्न विकतात. या बाबतीत क्युब्रिक यांचा ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ (१९६८) पाहण्यासारखा आहे, कारण त्याला मध्यंतर मुळातच होते. दोन अंतराळवीर संगणकाला ऐकू जाऊ नये म्हणून छोट्या यानात जाऊन त्याला बंद करण्याविषयी बोलतात. काचेपलीकडून संगणकाचा लाल डोळा त्यांच्या ओठांकडे पाहत असतो. तिथे मध्यंतर होते. आता सांगा, बाहेर जाऊन कोण निवांत चहा पिईल?

हा प्रसंग धागाकर्त्यांच्या कसोटीलाही उतरतो. संगणक ओठ वाचतो आहे हे ठाऊक असताना पाहिले, तर दोघांचे ते बेसावध बोलणे अधिकच जीवघेणे होते.

अधूनमधून_पाहणारा (धागाकर्ता)

इतक्या तपशीलवार प्रतिसादांबद्दल सर्वांचे आभार. निशाचर यांच्या सूचनेप्रमाणे ‘जॉज’ चा काही भाग नुसता ऐकला आणि भयपटांविषयीचे मत निम्मे मागे घेण्यास हरकत नाही असे वाटले. उरलेले निम्मे कायम आहे, कारण समजावून सांगणारे भयपटच संख्येने अधिक आहेत. जुनी_तबकडी यांनी विचारलेल्या विभागणीच्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नाही. ‘महल’ ला मी गाण्यांचे गुण देऊन वरच्या वर्गात घालतो.

ओसरीवरची आणि भौतिकवाला यांच्या वादात मी दोघांच्याही बाजूला आहे, हे लिहून पळ काढतो.

जुनी_तबकडी

मूळ प्रश्नाकडे यायचे तर एक नाव राहून गेले. हिचकॉक यांचा ‘व्हर्टिगो’ (१९५८). ज्या फ्रेंच कादंबरीवर तो बेतला आहे, तिच्यात रहस्य अगदी शेवटी उलगडते. हिचकॉक यांनी मात्र बराच चित्रपट शिल्लक असताना नायिकेला एक पत्र लिहायला लावले आणि सगळा कट प्रेक्षकांना सांगून टाकला. ते पत्र ती फाडते, त्यामुळे नायक अंधारात राहतो आणि आपण उजेडात. तो तिला, मेली असे त्याला वाटते त्या आपल्या प्रेयसीसारखे कपडे घालायला लावतो, केसांचा रंग बदलायला लावतो आणि ती मुकाट्याने बदलत जाते. हे पाहताना ती तीच आहे हे आपल्याला ठाऊक असल्यामुळे जीव अधिक कळवळतो. म्हणजे धागाकर्ते ज्याला दुसऱ्या वेळचे पाहणे म्हणतात, ते या दिग्दर्शकाने पहिल्याच वेळी घडवून आणले आहे.

फडकरी

आणि दोनदा पाहूनही ज्याचे रहस्य कळत नाही, त्याचे काय करायचे? ‘अंधाधुन’ मध्ये आंधळा म्हणवणारा पियानोवादक आकाश शेवटी काठीने वाटेतला डबा उडवतो, म्हणजे त्याला दिसते आहे. मग तो प्रेयसी सोफीला जी हकीकत सांगतो ती खरी किती? त्या काठीच्या मुठीवर सशाचे तोंड आहे. माझ्या मते सशामुळे गाडी उलटली ही गोष्ट त्याने हातातल्या काठीवरूनच रचली आहे.

मांडवीतीर

फडकरी, तसे असेल तर चित्रपटाच्या अगदी आरंभीच कोबीच्या शेतात तो एका डोळ्याने अधू असलेला ससा आणि त्याच्यामागचा शिकारी का दाखवला आहे? तेव्हा तर आकाशने गोष्ट सांगायला सुरुवातही केलेली नसते.

फडकरी

तो प्रसंग सुरू होण्याआधी पडद्यावर काळोख असतो आणि त्याचाच आवाज ऐकू येतो. म्हणजे ससासुद्धा त्याच्याच हकीकतीतला आहे.

मांडवीतीर

हे मी तपासून पाहीन. आज रात्री पहिली दहा मिनिटे पुन्हा लावते आणि इथेच लिहिते.